दाढेची सूज: ऑगमेंटिन, मेट्रोजिल की अझिथ्रो?

निपाणीकर
नमस्कार मंडळी. आईच्या खालच्या दाढेला ठणका लागलाय आणि परवापासून डावा गाल टम्म सुजलाय म्हणून विचारूलोय. गल्लीतल्या क्लिनिकमध्ये दाखवलं तर ऑगमेंटिन 625 आणि मेट्रोजिल 400 अशी दोन अँटिबायोटिकं लिहून दिली, मेडिकलवाला म्हणतो एवढं कशाला, ओफ्लॉक्स-ऑर्निडाझोलची एकच गोळी घ्या सकाळ-संध्याकाळ, दोन्ही कामं एकात होतात, आणि कोल्हापूरचे भावोजी फोनवर सांगूलेत अझिथ्रो 500 तीन दिवस, विषय संपला. आता ह्यात स्ट्राँग कुठली आणि सूज लवकर उतरवणारी कुठली ते कुणीतरी सांगा की ओ. आई सुईला भिते, दाढ काढायचं नाव घेतलं की देवघरात जाऊन बसते, त्यामुळे गोळ्यांवर भागलं तर बरंच.

शहापूरची अक्का
आमच्या सासूबाई दाढ दुखली की मिश्री दाबून बसायच्या, जरा वेळ बधिर होतं एवढंच, पू तिथल्या तिथंच. मला एकदा ऑगमेंटिन दिलेली, दाढेपेक्षा पोटानेच जास्त पळवलं. आणि दादा, बाहेरून गरम शेक देत बसू नका हं.

औषधवाला_खडेबाजार
अक्का, पोटाचं खरंय, पण ती गोळी जेवायला बसतानाच घ्यायची असते, पहिल्या घासाबरोबर, म्हणजे त्रास कमी होतो. लोक उपाशीपोटी घेतात आणि मग गोळीला नावं ठेवतात.

आणि ऑगमेंटिनचा 625 आकडा बघून लोकांना वाटतं साध्या अमॉक्सिसिलिन 500 पेक्षा पॉवर जास्त. तसं नाही ओ. त्यात अमॉक्सिसिलिन 500 च असतं, वरचे 125 क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड. काही जंतू अमॉक्सी फोडून टाकणारं एन्झाइम सोडतात, ते ह्या ॲसिडने अडतं. म्हणजे नेहमीच्या दाढेच्या इन्फेक्शनला साधी अमॉक्सी 500 दिवसातून तीनदा ही पहिली पसंती, तिने उतार पडला नाही तर पुढची पायरी ऑगमेंटिन.

मेट्रोजिल एकटी फारशी कामाची नाही, ती हवेशिवाय वाढणाऱ्या जंतूंवर चालते, म्हणून अमॉक्सीला जोड म्हणून देतात. तोंडाला लोखंड चाटल्यासारखी चव येते, घाबरायचं नाही. दारू मात्र कोर्स चालू असताना आणि नंतर दोन दिवस बंद, हे आईसाठी नाही, वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगतोय 😄

उचगावचा_पैलवान
अझिथ्रो मस्त आहे राव, तीन गोळ्या आणि काम तमाम. मी दरवेळी तेच करतो.

दातवाला_टिळकवाडी
पैलवान, दरवेळी म्हणजे तीच दाढ पुन्हा पुन्हा सुजतेय ना? तिथंच उत्तर आहे. मी डेंटिस्ट आहे म्हणून जरा लांबण लावतो, माफ करा. दाढेच्या आतली नस मेली की तिथला रक्तपुरवठाही जातो, आणि गोळी तर रक्तातूनच पोचते, मग ती दाढेच्या पोकळीत जाणार कशी? आजूबाजूची सूज उतरते, मूळ तिथंच राहतं. म्हणून पू काढायचा, रूट कॅनाल करायचं किंवा दाढ काढायची, हा खरा इलाज. नुसता ठणका असेल, सूज नाही, ताप नाही, तर अँटिबायोटिकची बहुतेक वेळा गरजच नसते.

अझिथ्रो आम्ही ठेवतो पेनिसिलिनची (अमॉक्सी त्याच गटातली) ॲलर्जी असणाऱ्यांसाठी. ती शरीरात बरेच दिवस रेंगाळते म्हणून तीन दिवसांत कोर्स होतो, स्ट्राँग म्हणून नव्हे. डब्ल्यूएचओच्या यादीत अमॉक्सी आणि मेट्रोजिल ‘ॲक्सेस’ म्हणजे नेहमीच्या वापराच्या गटात आहेत, अझिथ्रो आणि ओफ्लॉक्सॅसिन ‘वॉच’ गटात, म्हणजे जपून वापरा. ओफ्लॉक्स-ऑर्निडाझोलची जोडगोळी आपल्याकडे दाढेला सर्रास खपते, पण पहिली निवड म्हणून तिला काहीच आधार नाही. क्लिंडामायसिन ह्या आणखी एका अँटिबायोटिकचं नावही कुणीतरी काढेलच, चालते ती, पण आतड्यात सी-डिफिसिल नावाच्या जंतूचे वाईट जुलाब होऊ शकतात, म्हणून आता हात आखडता.

निपाणीकर, आईंना तोंड उघडता येतंय का? गिळताना त्रास? जबड्याखाली, गळ्याकडे सूज? ह्यातलं एक जरी असेल किंवा श्वास लागत असेल तर इथं उत्तराची वाट बघू नका, रात्र असली तरी थेट मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या. आणि त्यांना दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत?

निपाणीकर
तोंड उघडतंय डॉक्टर, पेज गिळतेय, सूज गालावरच आहे. गोळ्या म्हणजे बीपीची आणि रक्त पातळ करणारी ॲसिट्रॉम, हार्टचा वॉल्व्ह बदललाय तेव्हापासून. क्लिनिकमध्ये हे कुणी विचारलं नाही, आम्हीपण बोललो नाही. मेट्रोजिल अजून सुरू केलेली नाही. दुखतंय म्हणून कॉम्बिफ्लाम देऊ का?

औषधवाला_खडेबाजार
अरे देवा. कॉम्बिफ्लाम नको! त्यात आयब्युप्रोफेन आहे, ॲसिट्रॉमबरोबर रक्तस्राव होऊ शकतो. दुखायला साधी पॅरासिटामॉल, तीही डॉक्टरांना विचारून.

दातवाला_टिळकवाडी
बरं झालं विचारलंत. मेट्रोजिलने ॲसिट्रॉमचा परिणाम वाढतो, रक्त जास्तच पातळ होतं, तेव्हा हार्टच्या डॉक्टरांना फोन केल्याशिवाय ती सुरू करू नका. अझिथ्रोनेही आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा आकडा) वाढू शकतो, शिवाय हृदयाच्या ठोक्यांचा प्रश्न असतो, त्यामुळे भावोजींची गोळी इथं बाद. खरं तर कुठलंही अँटिबायोटिक चालू केलं की आईंचा आयएनआर मध्ये तपासून घ्यावाच लागेल.

उद्याच न्या. निपाणीत डेंटिस्ट आहेतच, नाहीतर बेळगावात केएलई किंवा मराठा मंडळच्या डेंटल कॉलेजच्या ओपीडीत. बदललेला वॉल्व्ह असल्याने दाढेला हात लावण्याआधी अर्धा ते एक तास अँटिबायोटिकचा एक वेगळा मोठा डोस द्यावा लागतो, नाहीतर तोंडातले जंतू रक्तातून वॉल्व्हवर जाऊन बसू शकतात. ऑगमेंटिन चालू झाली असेल तर तेही सांगा, मग त्या डोससाठी दुसऱ्या गटातलं औषध बघतात. शेवटचा आयएनआर रिपोर्ट आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. ॲसिट्रॉम स्वतःच्या मनाने बंद करू नका.

निपाणीकर
हार्टच्या डॉक्टरांना आत्ताच फोन लावतो. आईला अजून सुईचं सांगितलेलं नाही, ते गाडीत बसल्यावर सांगू.