सिलिॲक आणि बाहेरचं खाणं: तुमचे अनुभव लिहा

घोडबंदरकर: काल मुंजीचं आमंत्रण आलं आणि लेकीचं सिलिॲकचं (गव्हातलं ग्लुटेन आतड्याला बाधतं तो आजार) निदान झाल्यानंतरची पहिली पंगत आठवली. वाढपी म्हणे, "अर्धी पुरी घे गं, काय होतंय?" पोरगी ताटावर हात आडवा धरून बसलेली. नुसता वरणभात घेतला, तर वरणात हिंग. डबीवरचे घटक वाचा कधी, बांधणी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं. ठाणे-नवी मुंबईत तुम्ही कसं निभावता?

पाचपाखाडी: मालवणी हॉटेलात सुरमई तांदळाच्या पिठात घोळवायला सांगायचे. पण तवा तोच, रव्यातले बोंबील तळलेला! आता फक्त भात आणि सोलकढी, कालवण मसाला विचारून. वेटरला "गव्हाची ॲलर्जी आहे, ॲडमिट करावं लागेल" सांगते. ॲलर्जी नाहीये ती, पण त्याला ऑटोइम्यून (आपलीच प्रतिकारशक्ती आपल्यावर उलटते) कुठे समजावत बसू?

सीवूड्स लोकल: उपासाचा साबुदाणा वडा म्हणून बिनधास्त खाल्ला आणि आडवा झालो. समोसे त्याच कढईत.

वडापावप्रेमी: बटाटावडा तर बेसनाचा ना? नुसता वडा चालेल की

सीवूड्स लोकल: तेल रे बाबा, तेल 😄

नेरुळची माई: वाशीत उडप्याकडे उघडल्या उघडल्या जाते, तवा पुसलेला असतो, रवा डोसे सुरू व्हायचे असतात. साधा डोसा, खोबऱ्याची चटणी. सांबार नाही, हिंग!! चायनीज विसरा, सोया सॉसमध्येही गहू.

कळवा_९०: मी आपणच चपाती बंद केली, पोट बरंय. म्हणजे मलाही असेल?

घोडबंदरकर: आधी पोटविकारतज्ज्ञांना दाखवा. गहू बंद असताना टीटीजी (सिलिॲकची रक्ततपासणी) आणि आतड्याची बायोप्सी दोन्ही नॉर्मल येऊ शकतात.

पाचपाखाडी: पाकिटावर ग्लुटेन-फ्री छापायला किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. मेन्यूकार्डावर कोणीही काहीही छापतं. मैदा उडतोय तिथेच तो "ग्लुटेन-फ्री" पिझ्झा थापतात.

वडापावप्रेमी: माई, ज्वारी कुठे दळता? आमचा गिरणीवाला गव्हावरच दळतो

नेरुळची माई: घरघंटी घेतली. खालचे आजोबा आवाजाने वैतागलेत.

सीवूड्स लोकल: माई, पामबीचच्या बाजूची बिल्डिंग का? मग ते आमचेच आजोबा 😂 संध्याकाळी लावत जा, तेव्हा ते कट्ट्यावर असतात.