मोठेपणी वाचायला थेट ‘तेहानू’ घ्या

‘दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठीच्या कल्पनारम्य कादंबऱ्या मोठ्यांनी वाचणं म्हणजे पळवाट’ असं काहीजण म्हणतात, ते मत मला अजिबात पटत नाही. अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विनची अर्थसी ही जादूगार-ड्रॅगनांच्या जगातली कादंबरीमालिकाच बघा. पहिली तीन पुस्तकं १९६८ ते १९७२ मधली, मुलांसाठी लिहिलेली. मग तब्बल १८ वर्षांनी, १९९० साली, ‘तेहानू’ आलं. दुसऱ्या भागात थडग्यांच्या अंधारात वाढलेली तेनार इथे शेत सांभाळणारी, मुलं मोठी झालेली विधवा आहे. आणि गेड, त्या जगातला सगळ्यात मोठा जादूगार, जादू गमावून परततो, राजाची माणसं शोधत आली की लाजून लपतो, डोंगरावर शेळ्या राखायला जातो. म्हणजे लेखिकेनेच आपल्या पात्रांना स्वतःबरोबर वयाने वाढवलं!

मी ते गेल्या पावसाळ्यात गोव्यातल्या रायबंदर-चोडण फेरीबोटीत वाचलं, मुलीच्या कपाटातून उचलून. तेनारचा मुलगा बऱ्याच काळाने घरी येतो, जेवतो आणि स्वतःचं ताट उचलत नाही, ते बायकांचं काम म्हणतो. याला वाढवताना आपलं कुठे चुकलं, हे तिला डाचत राहतं. त्या पानावर मी अडकले. फेरी धक्क्याला लागली, स्कूटर चालू झाल्या, मागून कुणीतरी ‘बाय, चल गो’ म्हणालं तेव्हा भानावर आले. पंधराव्या वर्षी हे पान मी सरळ उलटलं असतं, ड्रॅगन कधी येतो ते बघायला.