स्टेंटॉरचा आवाज: पहाडी की खणखणीत?

मोगरी: होमरच्या इलियड या ट्रॉयच्या युद्धावरच्या ग्रीक महाकाव्यातल्या पाचव्या सर्गातला उतारा मराठीत आणते आहे. ग्रीक सैन्य मागे हटतं तेव्हा हेरा देवी स्टेंटॉर या ग्रीक योद्ध्याचं रूप घेऊन त्यांना खडसावते. त्याचा आवाज ५० जणांएवढा. मी ‘पहाडी आवाजाचा’ लिहिलं, तपासणाऱ्या बाईंनी ‘गगनभेदी’ केलं. गगनभेदी घोषणा असते हो, माणूस कसा?

कातळ: पहाडीच ठेवा. आमच्या गावच्या शाहिरांचा पोवाडा माईकशिवाय ओढ्यापलीकडे ऐकू जायचा. सगळे पहाडीच म्हणायचे.

दौत: होमरने त्याला काशाच्या आवाजाचा म्हटलंय. मग खणखणीत! नाणं खणखणतं, कासं खणखणतं. पहाडीत हा धातूचा नाद नाही.

मोगरी: खणखणीत तर माझ्या आजीचाही आवाज होता. ५० जणांचं बळ त्यात येत नाही.

उंबर: मूळ बघा. ग्रीक ‘स्तेनो’ म्हणजे कण्हणे. तो आणि संस्कृत ‘स्तन्’ धातू सख्खी भावंडं. स्तनित म्हणजे मेघगर्जना, स्तनयित्नु म्हणजे गडगडता मेघ. ‘स्तनितकंठ’ करा.

कातळ: वाचक पहिल्या दोन अक्षरांवरच अडेल. कोश उघडून लढाई वाचायची का?

उंबर: वापरलाच नाही तर शब्द रुळणार कसा? अडतो म्हणून टाकत गेलो तर हातात काय उरेल?

शेवाळ: आम्हा जीवशास्त्रवाल्यांचा स्टेंटॉर म्हणजे गोड्या पाण्यातला एकपेशीय जीव. निळी जात २ मिलिमीटरपर्यंत वाढते, नुसत्या डोळ्यांना दिसते. आकार तुतारीचा म्हणून हे नाव. वर्गात मी ‘तुतारीजीव’ म्हणते, मुलांना लगेच कळतं.

दौत: पण योद्धा तर नुसत्या गळ्याने ओरडायचा, तुतारी कुठून आली? सतराव्या शतकात इंग्लंडात सॅम्युएल मॉरलंडने बोलायचा कर्णा केला, त्यालाही ‘तुबा स्टेंटोरोफोनिका’ नाव दिलं. नाव गळ्यावरून कर्ण्यावर गेलं ते असं.

कातळ: बोरूच्या बेटात कलकलाट करणाऱ्या एका वटवट्याच्या शास्त्रीय नावातही ‘स्टेंटोरियस’ आहे. इवलासा पक्षी, पण बेट दणाणून सोडतो.

शेवाळ: आणि २१४६ क्रमांकाचा लघुग्रहही स्टेंटॉरच! गुरूच्या पुढे धावणाऱ्या लघुग्रहांच्या ‘ग्रीक छावणी’ नावाच्या थव्यात आहे.

मोगरी: मंडळी, उद्या मजकूर द्यायचाय. पहाडी की खणखणीत?

उंबर: आधी नाव नीट लिहा. ग्रीकात ट नाही, ‘स्तेन्तोर’ हवं.

कातळ: मग ट्रॉयचंही त्रॉय करणार का?