चतुर आणि टाचणी

प्रश्न: भातखाचराच्या बांधावर काढलेल्या दोन किड्यांच्या एका फोटोखाली मी 'चतुर आणि टाचणीची जोडी' असं लिहिलं. एका जाणकारांनी ते चूक ठरवलं. घोडा-घोडी, बोका-मांजर तसं चतुर-टाचणी नाही का? आणि चार पंख म्हणून 'चतुर', हे खरं का?

उत्तर: फोटोतली दोघंही टाचण्याच आहेत, एक नर आणि एक मादी. हा घोळ फार जणांचा होतो, आणि तो किड्यांमुळे नाही, शब्दांच्या लिंगामुळे होतो. चतुर पुल्लिंगी, टाचणी स्त्रीलिंगी, म्हणून मन आपोआप जोडपं जुळवतं. पण हे दोन वेगळे गट आहेत. चतुरांतही नर-मादी, टाचण्यांतही नर-मादी.

टाचणी हे नाव किती नेमकं आहे ते फोटो मोठा करून बघा. अंग अक्षरशः टाचणीएवढं बारीक, बसल्यावर पंख पाठीवर मिटलेले, डोळे डोक्याच्या दोन टोकांना आणि मध्ये मोकळी जागा. चतुर बसतो तो पंख पसरून. त्याचे मागचे पंख बुडाशी पुढच्यांपेक्षा रुंद असतात आणि डोळे बहुधा डोक्यावर एकमेकांना भिडलेले. 'बहुधा' म्हणतो, कारण काही चतुरांचे डोळेही सुटे असतात आणि काही टाचण्या पंख अर्धवट उघडे ठेवून बसतात. म्हणून एकाच खुणेवर नाव लिहू नये.

चार पंखांचं म्हणाल तर मला ते पटत नाही. चार पंख फुलपाखरालाही असतात, मधमाशीलाही. शिवाय संस्कृतात 'चतुर्' म्हणजे चार आणि 'चतुर' म्हणजे चपळ, हुशार, हे दोन निराळे शब्द. चार आकडा समासात येतो तो चतुर्भुज, चतुष्पाद असा. नुसता 'चतुर' म्हणून उभा राहत नाही. जागच्या जागी थांबून झटक्यात दिशा बदलणाऱ्या या किड्याला 'चपळ' हाच अर्थ शोभतो.

प्रश्न: मग मादी असेल तर 'चतुर बसली होती' म्हणायचं?

उत्तर: नाही, कानाला खटकतं. 'चतुराची मादी बसली होती', 'टाचणीचा नर उडाला' असं लिहा. गरुडाची मादी म्हणतो ना, तसंच. अनेकवचन 'चार चतुर', 'चार टाचण्या'.

पण मादी लिहिण्याआधी खात्री करा, आणि रंगावर तर मुळीच जाऊ नका. तळ्याकाठी दिसणारा लालभडक चतुर घ्या. त्याची मादी पिवळसर असते, पण कोवळा नरही तसाच पिवळसर! मी स्वतः दोन पावसाळे अशा कोवळ्या नरांना मादी म्हणत आलो. खरी खूण पोटाच्या दुसऱ्या खंडाखाली असते: नराला तिथे उंचवटा दिसतो, मादीला नाही. वरून काढलेल्या फोटोत तो येत नाही. म्हणून वरून एक आणि बाजूने एक, असे दोन फोटो तरी हवेत. बाजूचा काढताना कॅमेरा अंगाला समांतर धरा, नाहीतर डोळे स्पष्ट येतात आणि पोटाच्या शेवटाची टोकं धूसर. आणि नेमकी त्या टोकांच्या आकारावरून कित्येक जाती ओळखता येतात. सकाळी दव वाळायच्या आत गेलात तर हे किडे गारठलेले असतात, जवळ जाऊ देतात. फक्त तुमची सावली त्यांच्यावर पडू देऊ नका.

वर 'पोट' म्हटलं ते मुद्दाम. सगळे 'शेपटी' म्हणतात. लहानपणी आम्ही याला हेलिकॉप्टर म्हणायचो आणि त्याच 'शेपटी'ला दोरा बांधून उडवायचो. ती शेपटी नाही. दहा खंडांचं ते पोट आहे. अन्नमार्ग त्यातून जातो, हृदयही तिथेच. आम्ही दोरा कुठे आवळत होतो हे कळलं त्या दिवसापासून माझ्या तोंडून 'शेपटी' निघत नाही.

प्रश्न: मग माझ्या फोटोखाली काय लिहू?

उत्तर: 'टाचण्यांची जोडी, पुढे नर'. नराने पोटाच्या टोकाने मादीला मानेपाशी धरलंय, नीट बघा. चतुर असते तर पकड डोक्यावर असती.