मदत हवी आहे: टिडलीविकीची वही सेव्ह कशी करता?
मंडळी, आईच्या पाककृती, वाचलेल्या पुस्तकांची टिपणं, गॅसचा ग्राहक क्रमांक, सगळं टिडलीविकीत, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या टिपणवहीत, ठेवते. अख्खी वही म्हणजे एकच एचटीएमएल फाइल, म्हणून तर आवडली. पण बदल केला की सेव्हची खूण लाल होते, ती दाबली की ब्राउझर मूळ फाइलला हात न लावता डाउनलोड्समध्ये नवी प्रत टाकतो. वही (1), वही (2)... ताजी कुठली, ते वेळ बघून ओळखायचं! घरी टिडलीडेस्कटॉप (मूळ फाइलमध्येच सेव्ह करणारं ॲप) चालेल, पण ऑफिसात काही इन्स्टॉल करू देत नाहीत. फाइल गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवून दोन्हीकडे उघडली तर एकीकडचं लिखाण पुसलं जाईल का? टिडलीहोस्ट (अशी वही ऑनलाइन ठेवायची सेवा) कुणी वापरतं का? आणि रोजचा बॅकअप आपोआप व्हावा म्हणून काय करता? कोडिंग येत नाही, तेव्हा जरा सोपं सांगा.