जोडीदार व्हिसा : पती परदेशी आणि पत्नी सासरी, तर नाते कसे सिद्ध करावे?

प्रश्न (तासगाव, जि. सांगली)

माझे पती मेलबर्नमध्ये नोकरी करतात आणि ऑस्ट्रेलियाचे कायम रहिवासी आहेत. आमचे लग्न घरच्यांनी ठरवले होते. आता उपवर्ग ३०९ खाली, म्हणजे ऑस्ट्रेलियाबाहेरून मागायच्या जोडीदार व्हिसासाठी, अर्ज करायचा आहे. अडचण अशी, की लग्नानंतर सुटी संपताच पती परत गेले आणि मी सासू-सासऱ्यांजवळ राहते. त्यामुळे दोघांच्या नावाचा भाडेकरार, वीजबिल किंवा संयुक्त खाते यांपैकी काहीच नाही. लग्नाचे फोटो मात्र भरपूर आहेत. तेवढे पुरतील का?

उत्तर १ (विश्रामबाग, सांगली)

ताई, माझ्या मुलीचा अर्ज याच उपवर्गाखाली मंजूर झाला, म्हणून लिहितो. विवाहाच्या दाखल्याने लग्न कायदेशीर असल्याचे ठरते. नाते खरे आणि चालू आहे का, हे वेगळे तपासतात. त्यासाठी तिथल्या १९९४ च्या स्थलांतर नियमावलीनुसार आर्थिक व्यवहार, घरसंसार, समाजातील ओळख आणि परस्परांची बांधिलकी ही चार अंगे पाहिली जातात. पती-पत्नी कायमचे विभक्त नसावेत, अशी अट आहे. नोकरीमुळे काही काळ दूर राहणे म्हणजे विभक्त होणे नव्हे.

तुमची खरी बाजू घरसंसाराची आहे आणि आपल्याकडचे लोक नेमकी तीच लिहायची सोडतात. सून सासरी राहते, सासऱ्यांचे औषधपाणी सांभाळते, शिधापत्रिकेवर तिचे नाव चढते, हे आपल्याला इतके स्वाभाविक वाटते की सांगावेसे वाटतच नाही. पण एकत्र कुटुंब न पाहिलेल्या अधिकाऱ्याला ही व्यवस्था उलगडून सांगावीच लागते. घर कोणाच्या नावावर आहे, पतीने पाठवलेल्या पैशांतून कोणता खर्च भागतो, मोठे निर्णय दोघे मिळून कसे घेता, हे निवेदनात लिहा आणि सोबत शिधापत्रिका, सासरच्या पत्त्याचे आधारकार्ड व बँकेचे उतारे जोडा. पतीने तिकडच्या निवृत्तिनिधीत किंवा विम्यात तुमचे नाव वारस म्हणून लावले असेल, तर ते पत्र अवश्य द्या.

उत्तर २ (कराड, जि. सातारा)

फोटो मोजकेच द्यावेत, पण प्रत्येकाखाली तारीख, ठिकाण आणि सोबतच्या नातेवाइकांचे नाते लिहावे. साखरपुडा, लग्नानंतरचे जेजुरीचे दर्शन, धोंड्याच्या महिन्यात जावयाचा झालेला मान, असे वेगवेगळ्या प्रसंगांचे फोटो मंडपातल्या शंभर फोटोंपेक्षा अधिक सांगतात. व्हॉट्सॲपचे सगळे संभाषण छापू नये. दर महिन्यातले थोडे संदेश आणि कॉलच्या नोंदी निवडाव्यात. तुम्हा दोघांना ओळखणाऱ्या, पतीच्या तिकडच्या मित्रांकडून फॉर्म ८८८ (नाते खरे असल्याचे ओळखीच्यांचे निवेदन) भरून घ्यावा. मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर लागते. ते भारतात करून घेतल्यास भाषांतरकाराचे पूर्ण नाव, पत्ता, दूरध्वनी आणि पात्रता त्यावर हवी.

प्रश्नकर्ती

दोघांचीही मनापासून आभारी आहे. आम्ही दोघांनी मिळून एकच निवेदन लिहिले तर चालेल का?

उत्तर १

नाही ताई, दोघांनी आपापल्या शब्दांत स्वतंत्र लिहावे. मजकूर हुबेहूब सारखा दिसला तर शंका येते. तारखा आणि घटना मात्र जुळल्या पाहिजेत. शिवाय ३०९ तात्पुरता असतो आणि कायमस्वरूपी व्हिसाचा (उपवर्ग १००) विचार साधारणपणे अर्जानंतर दोन वर्षांनी होतो, तेव्हा पुन्हा पुरावे मागतात. म्हणून तिकडे गेल्यावर भाडेकरार आणि बँकखाते पहिल्यापासून दोघांच्या नावाने करा.