चॉकलेट सिस्टमुळे सीए-125 वाढतं का?

शंकेखोर: वहिनी, वय 34. सोनोग्राफीत डाव्या अंडाशयात 5.2 सेंमीची चॉकलेट सिस्ट (जुन्या रक्ताने भरलेली गाठ). एकच कप्पा, आत घट्ट भाग नाही, पोटात पाणी नाही, उजवीकडे नॉर्मल. सीए-125 (अंडाशयाच्या कॅन्सरची शंका असली की रक्तात मोजतात ते प्रोटीन) मात्र 88 (मर्यादा 35). रक्त पाळीच्या दुसऱ्या दिवशी दिलं होतं. साध्या गाठीने आकडा एवढा चढतो?

ओपीडीवाली: चढतो की. हे प्रोटीन फक्त कॅन्सरच्या पेशी बनवत नाहीत. गर्भाशयाचं अस्तर, पोटातलं आणि फुप्फुसावरचं आवरण यांना सूज आली तरी ते रक्तात वाढतं. चॉकलेट सिस्ट म्हणजे एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढणं), त्यात 35 ओलांडणं नेहमीचंच. सिस्ट फुटली तर हजारांतही जातं. फायब्रॉइड (गर्भाशयातली साधी गाठ), गरोदरपण, ओटीपोटातलं इन्फेक्शन, लिव्हरचा सिरॉसिस यांतही वाढतं. आणि आपल्याकडे पोटाचा टीबी! पोटात पाणी, गाठी, चढलेला आकडा, सगळं हुबेहूब कॅन्सरसारखं. उलट नुसत्या पाण्याची पातळ सिस्ट असेल तर या वयात ही टेस्ट सांगायलाच नको.

लॅबकर: पाळीत रक्त दिलं, तिथेच गडबड. पाळी पूर्ण थांबल्यावर, 6-8 आठवड्यांनी पुन्हा करा, उपाशी राहायची गरज नाही. लॅब तीच ठेवा. किट बदललं की आकडा बदलतो, मग तुलना कशाची करणार? केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, काही मशीनवर त्यामुळे आकडा खोटाच खाली येतो.

ओपीडीवाली: नुसत्या 88 वर काही ठरत नाही. आरएमआय, म्हणजे गाठ कॅन्सरची असण्याच्या धोक्याचा आकडा, काढतात: सोनोग्राफीचे गुण × पाळीचे गुण × सीए-125. सोनोग्राफीत पाच गोष्टी बघतात: अनेक कप्पे, घट्ट भाग, दोन्ही बाजूंना गाठी, पोटात पाणी, इतरत्र पसरल्याच्या खुणा. यांतलं काहीच नसेल तर 0, एक असेल तर 1, दोन किंवा जास्त असतील तर 3. पाळी चालू असेल तर 1, कायमची बंद झाली असेल तर 3. वहिनींचं उत्तर शून्य. हेच 88 साठीच्या बाईला, गाठीत घट्ट भाग असताना आलं तर 1 × 3 × 88 = 264. 200च्या वर गेलं की कॅन्सर सर्जनकडे पाठवतात.

शंकेखोर: सोबत सीए 19-9 (कॅन्सरच्या शंकेत करतात ती दुसरी रक्ततपासणी) करून घेऊ का?

ओपीडीवाली: नको. तेही चॉकलेट सिस्ट आणि डरमॉइडमध्ये (केस, चरबी असलेली अंडाशयाची साधी गाठ) वाढतं, उगाच घोर. चाळिशीच्या आत गाठ गुंतागुंतीची दिसली तर एएफपी, एलडीएच, बीटा-एचसीजी या रक्ततपासण्या करतात, तरुण वयात होणाऱ्या अंडाशयाच्या वेगळ्या कॅन्सरसाठी.

लॅबकर: एक भर. पुढचा रिपोर्ट 30 आला म्हणून सोनोग्राफी टाळू नका. अंडाशयाच्या कॅन्सरच्या पहिल्या टप्प्यात जवळपास निम्म्या बायकांचं सीए-125 नॉर्मलच असतं.